पाचवा प्रश्न

गेल्या महिन्यात माझा उजवा खांदा धरला. जन्मभर लोकांचे धरलेले खांदे सोडवायचे आणि शेवटी आपलाच धरून बसायचा, बरंय. मुलीने मला न विचारता हाय स्ट्रीटवरच्या एका अॅक्युपंक्चरच्या दुकानात माझं नाव घातलं. दुकानच ते. खिडकीत बांबूचं झाड, आत कुठेतरी पाणी खळखळण्याची टेप आणि कापसासारख्या आवाजात बोलणारी एक पोरगी. तिने मला पालथं झोपवलं आणि अकरा सुया टोचल्या. जीभ बघितली नाही, नाडी बघितली नाही. एकच प्रश्न विचारला, तोही म्युझिक जरा मोठं करू का म्हणून.

तिथे पालथी पडल्या पडल्या मला डॉक्टर टिल्लूंची इतकी आठवण आली की तोंड टेकवायला टेबलाला ठेवलेल्या भोकातून माझ्या डोळ्यांतलं पाणी खाली कार्पेटवर पडायला लागलं. पोरगी घाबरली, सॉरी सॉरी म्हणत एक सुई काढायला लागली. मी म्हटलं, राहू दे बाई, तुझी सुई बरी आहे. मला दुसरंच काहीतरी दुखतंय.

डॉक्टर मुकुंद टिल्लू साउथहॅम्प्टनच्या आमच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. मी तिथेच तळमजल्यावर फिजिओ. गोऱ्यांना टिल्लू म्हणता येईना, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना डॉक्टर टिली म्हणायचं, आणि ते त्या नावालाही 'ओ' द्यायचे. उंच, किंचित पोक काढून चालणारे, शर्टाच्या खिशात नेहमी चार पेनं, त्यातलं एकही न उमटणारं. कन्सल्टंटच्या जागेसाठी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणीतरी वर गेलं. तिसऱ्यांदा नकार आला त्या दिवशी मी कँटीनमध्ये त्यांच्यासमोर बसले होते. ते म्हणाले, "कुंदा, झोपवणाऱ्या माणसाला कोण लक्षात ठेवतं? पेशंट तर झोपलेला असतो." आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

सुयांचं वेड त्यांना त्यानंतर लागलं, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास. लावलं सिस्टर लिमने. ती ऑर्थोपेडिक वॉर्डची सिस्टर, मूळची मलेशियातल्या पेनांगची. बाई जेमतेम पाच फूट, पण तिच्या वॉर्डात सर्जनसुद्धा दबकून वागायचे. तिचे वडील पेनांगला सुया लावायचे. त्यांच्या दुकानात औषधांच्या फळ्या पुसता पुसता ती ही विद्या शिकली होती, आणि इंग्लंडात कुणाला सांगायची नाही. एकदा थिएटरच्या बाहेर डॉक्टरांचं डोकं ठणकत होतं, तर हिने त्यांचा हात धरला आणि अंगठा नि पहिलं बोट यांच्यामधला मांसल भाग असा दाबला की ते ओरडलेच. पाच मिनिटांत डोकं उतरलं. त्या दिवसापासून हा पन्नाशीला आलेला माणूस तिच्या मागे शाळेतल्या पोरासारखा वही घेऊन फिरायला लागला.

दोन वर्षं तिने त्यांना सुईला हात लावू दिला नाही. आधी नाडी. मनगटावर तीन बोटं ठेवायची, दोन्ही हातांवर, आणि गप्प बसायचं. मग जीभ. रंग, भेगा, वरचा थर. आणि मग दहा प्रश्न. तिच्या वडिलांच्या भाषेत ते म्हणे पद्यात होते. डॉक्टरांनी ते मराठीत आणले आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून काढले. थंडी-ताप. घाम. डोकं आणि अंग. शी-शू. भूक. छाती. कान. तहान. जुनी दुखणी. हे कशाने सुरू झालं. याच क्रमाने, एकही न गाळता. पुठ्ठ्याचे कोपरे झिजले तेव्हा त्यांनी त्याला सेलोटेप लावली. दहाही प्रश्न केव्हाच पाठ झाले होते, तरी कार्ड हातात धरल्याशिवाय ते विचारायचे नाहीत.

क्लिनिक म्हणाल तर माझ्याच डिपार्टमेंटमधलं पडद्याआडचं एक क्युबिकल. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते मी त्यांना देत असे, आणि माझी सुपरिंटेंडंट त्याकडे काणाडोळा करत असे. त्यामुळे सहा-सात वर्षं दर बुधवारी मी पडद्याच्या अलीकडे सँडविच खात ते दहा प्रश्न ऐकले. इंग्रज माणसाला त्याच्या शी-शूबद्दल विचारायचं म्हणजे काय धाडस, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. पण सगळ्यात जास्त वेळ जायचा पाचव्या प्रश्नाला. पेशंट म्हणायचा, खातो की मी व्यवस्थित. डॉक्टर म्हणायचे, "काय खाता ते नाही विचारलं. भूक लागते म्हणून खाता, की एक वाजला म्हणून?" त्या प्रश्नावर डॉकमधला एक क्रेनवाला रडला होता. बायको गेल्यापासून आपल्याला भूकच लागलेली नाही, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. त्याचा खांदा सुयांनी सुटला की रडण्याने, देव जाणे. पण पुढच्या महिन्यात तो हात डोक्यावर नेऊन मला दाखवून गेला.

सुई लागली की पेशंटला तिथे जडपणा यायला हवा, आतून ओढल्यासारखं वाटायला हवं. ते आल्याशिवाय सुई नुसतीच टोचली, असं सिस्टर लिम म्हणायची. म्हणून डॉक्टर सुई फिरवत विचारत राहायचे, "आलं का? आलं का?" गोऱ्यांनासुद्धा मराठीतच विचारायचे. आणि गंमत म्हणजे त्यांना ते समजायचं. "यस डॉक्टर, आलं," असं म्हणणारी एक म्हातारी अजून माझ्या कानात आहे.

दिवाळीच्या फंक्शनला त्यांच्याजवळ जायला लोक घाबरायचे, कारण हातात चकलीची बशी असताना ते "जरा जीभ दाखव" म्हणायचे. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी भर स्टेजवर जीभ दाखवलेली मी पाहिली आहे. एकदा क्युबिकलमध्ये त्यांनी सिस्टर लिमने दिलेली पाल्याची कांडी पेटवली. सुईजवळ धरून ऊब द्यायची असते. वास थेट दवणा जाळल्यासारखा. पोर्टरला वाटलं डॉक्टर टिली गांजा ओढतोय. त्याने सिक्युरिटीला आणलं. सिक्युरिटीवाला आत गेला, आणि वीस मिनिटांनी दोन्ही गुडघ्यांत सुया घेऊन बसलेला सापडला.

हसून घ्या. यापुढे हसण्यासारखं काही नाही.

सिस्टर लिमने त्यांना एकच गोष्ट बजावली होती, तीही माझ्या देखत. घरच्यांना सुई लावायची नाही. तिचे वडील चाळीस वर्षं सुया लावत होते, पण तिच्या आईचं काही दुखलं की ते तिला सायकलरिक्षात बसवून गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचे, त्या दुसऱ्या वैद्याकडे, ज्याच्याशी त्यांचं बोलणंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "त्या माणसाला माझी आई खरं सांगायची. माझ्या वडिलांना नाही." डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. मी पाहिलं लिहिताना.

सुमनवहिनी म्हणजे त्यांची बायको. गोल चेहरा, मोठं कुंकू, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण माहेरी आलोय असं वाटावं. अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, मेथी आणि अळू लावायच्या आणि सगळ्या मराठी घरांत पोचवायच्या. कुणाचा डबा आला तर रिकामा परत करायच्या नाहीत. काही नसेल तर चमचाभर साखर घालून द्यायच्या. निखिल, त्यांचा मुलगा, ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत लागला आणि घरात हे दोघंच उरले. एका उन्हाळ्यात वहिनींची पाठ दुखायला लागली. अलॉटमेंटवर खणून दुखत असेल, असं सगळ्यांनी धरलं.

इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. डॉक्टरांच्या घरातली माणसं जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जात नाहीत. पार्टीत पुरणपोळी खाता खाता एकमेकांचे घसे बघायचे, फोनवरून औषधं सांगायची, की झालं. घरात डॉक्टर असताना जीपीच्या दवाखान्यात तास तास बसून परक्या बाईला काय सांगायचं, असं वहिनीही म्हणायच्या आणि मीही म्हणायचे. त्यामुळे आमची दुखणी कुठल्याच कागदावर नसतात. आणि तिऱ्हाइताचे प्रश्न आम्हाला कुणी विचारत नाही.

दर रविवारी जेवणं झाली की डॉक्टर डायनिंग टेबलावर गोधडी आणि चादर घालायचे, वहिनींना पालथं झोपवायचे आणि पाठीला सुया लावायचे. सिस्टर लिमला सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि मीही म्हटलं, बरं केलंत. पाठ खरोखर थांबली. आठव्या रविवारी वहिनी म्हणाल्या, गेली गं, अगदी गेली. डॉक्टरांचा चेहरा त्या हिवाळ्यात जो उजळला तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं लोकांना झोपवलं, आता कुणाला तरी जागेपणी बरं केलं, असं ते मला म्हणाले. आणि तेही स्वतःच्या बायकोला.

पुठ्ठ्याचं कार्ड मात्र बुधवारच्या बॅगेतच राहिलं. सत्तावीस वर्षांचा संसार. डॉक्टर म्हणायचे, हिला काय विचारायचं? हिला थंडी वाजते का, घाम येतो का, सगळं मला माहीत आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्याकडे गेले. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, कुंदा, एक पिन लाव गं मागून. ब्लाउज पाठीवर लोंबत होता. एक पिन पुरली नाही, तीन लावल्या. मी म्हटलं, वहिनी, बारीक झालात. त्या म्हणाल्या, "डाएट करतेय. तुम्हा पोरींचं बघून." आणि तिळगूळ वाटायला बाहेर गेल्या. मी पण गेले. बाहेर बायका थांबल्या होत्या.

फेब्रुवारीत हॉस्पिटलात मीटिंग होती. पडद्याआडच्या क्युबिकलचं खरं क्लिनिक करायचं का, दर बुधवारी दुपारी, दारावर पाटीसकट, हे ठरायचं होतं. डॉक्टरांनी तीन केसेसच्या स्लाइड्स केल्या होत्या. पहिली केस क्रेनवाल्याची. तिसरी आली आणि मी सरळ होऊन बसले. पाठीचा फोटो होता, चेहरा नव्हता. चोपन्न वर्षांची गृहिणी, डॉक्टर म्हणाले, चिवट पाठदुखी, आठ आठवड्यांत पूर्ण आराम. पण मानेवर काळ्या मण्यांची ओळ दिसत होती. माझ्या शेजारी सिस्टर लिम बसली होती. तिने तो फोटो बघितला, मग डॉक्टरांकडे बघितलं, आणि हात वर केला.

"अॅपेटाइट?" तिने विचारलं.

"नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. एक क्षणही थांबले नाहीत.

मी बोलायला हवं होतं. मीटिंगमध्ये नाही तर कॉरिडॉरमध्ये, तिथे नाही तर पार्किंगमध्ये. तीन पिना मी माझ्या हाताने लावल्या होत्या. पण लोक टाळ्या वाजवत होते, डॉक्टर त्या चार पेनांशी चाळा करत लाजत होते, आणि मी खाली बघितलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

एप्रिलमध्ये वहिनींचे डोळे पिवळे झाले. पाठीत दुखत होतं ते पाठीचं नव्हतंच. मागे, पोटात खोल, स्वादुपिंडात कॅन्सर होता. सर्जन तरुण होता आणि सभ्य होता. वहिनींना आधार म्हणून मीही त्या खोलीत होते. त्याने डॉक्टरांना विचारलं, "यांचं खाणं कधीपासून कमी झालंय?" अगदी साधा प्रश्न. डॉक्टर टिल्लूंनी वहिनींकडे बघितलं. त्यांना माहीत नव्हतं. रोज दोन वेळा जिच्या हातचं जेवत होते, तिचं खाणं कधी सुटलं ते त्यांना माहीत नव्हतं. वहिनी त्यांना वाढायच्या आणि म्हणायच्या, तुम्ही बसा, माझं झालं.

"सिन्स दिवाली," वहिनी हळूच म्हणाल्या.

सर्जनने विचारलं, दिवाळी म्हणजे कधी? मी सांगितलं, "ऑक्टोबर." त्याने लिहून घेतलं. आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, असं डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, या आजारात सांगणं कठीण असतं. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

वॉर्डात एकदा वहिनींना मी विचारलं, का हो सांगितलं नाहीत? त्या म्हणाल्या, "अगं, रविवारी सुया लावताना ते इतके खूश असायचे. लग्न झाल्यापासून त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. पाठ कशी आहे विचारायचे, आणि पाठ खरंच बरी होती गं. मी कुठे खोटं बोलले?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "भुकेचं त्यांनी विचारलंच नाही."

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. क्रिमेटोरियमच्या बाहेर सिस्टर लिम डॉक्टरांजवळ आली. नुसता त्यांचा हात हातात घेतला आणि मनगटावर तीन बोटं ठेवली. डॉक्टरांनी हात काढून घेतला. क्लिनिक मंजूर झाल्याचं पत्र मेमध्येच आलं होतं. ते मला म्हणाले, कुंदा, बुधवार दुसऱ्या कुणाला दे. त्यानंतर त्यांनी सुई हातात धरली नाही. वर्षाच्या आत नोकरीही सोडली. वीकेंडचा कोर्स केलेला एक ज्युनियर डॉक्टर पाटीवाल्या क्लिनिकमध्ये बसायला लागला. तो कार्ड वगैरे वापरत नसे.

डॉक्टर त्याच घरात राहिले. निखिल बोलवायचा, ते जायचे नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं त्यांनी स्वतःचं स्वतः केलं. मग गॅसवर दूध जळालं, टोस्टर जळाला, आणि मी दर शनिवारी डबा द्यायला लागले. भाजी, आमटी, चार पोळ्या, कधी त्यांना आवडणारा साबुदाण्याचं थालीपीठ असला प्रकार. दाराशीच द्यायचे, कारण शनिवारी मला सतरा कामं. ते मागच्या आठवड्याचा डबा हातात ठेवायचे, लख्ख घासलेला, आत चमचाभर साखर. वहिनींची रीत त्यांनी सोडली नव्हती. मला भरून यायचं. निखिलचा ब्रॅकनेलहून फोन यायचा, "कुंदामावशी, बाबा नीट खातायत ना?" मी म्हणायचे, "हो रे, डबा पुसून खातात." दीड वर्षं मी हे त्याला सांगत होते.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. मी निखिलला कळवलं, जीपीला कळवलं, अँब्युलन्स आली, ड्रिप लागलं, सगळं यथासांग झालं. डिसेंबरमध्ये डॉक्टर गेले. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं. वॉर्डातला तो माणूस मला डॉक्टर टिल्लू म्हणून आठवतच नाही. मला ते आठवतात ते त्याआधीच्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारचे.

त्या दिवशी थंडी होती म्हणून त्यांनी मला आत बोलावलं. ते किटली घ्यायला उठले तेव्हा कार्डिगन उघडं राहिलं, आणि मला त्यांचा पट्टा दिसला. स्क्रूड्रायव्हरने पाडलेली भोकं होती, एकापुढे एक, चार. मला संक्रांत आठवली. तीन पिना आठवल्या. मी म्हटलं, अहो डॉक्टर, बसा खाली. कार्ड कुठे आहे तुमचं? ते म्हणाले, कसलं कार्ड? पण ते फळीवर वहिनींच्या फोटोमागे होतं, मला दिसत होतं. मी ते काढलं आणि त्यांच्यासमोर बसले. सेलोटेप पिवळी पडली होती.

"थंडी वाजते?"

"वाजते."

"घाम?"

"नाही."

डोकं विचारलं, शी-शू विचारलं. आज्ञाधारक पेशंटसारखी त्यांनी चारही उत्तरं दिली. मग पाचवा. मी त्यांच्याच पद्धतीने विचारला. "डॉक्टर, भूक लागते?"

त्यांनी माझ्या हातातल्या कार्डाकडे बघितलं. मग अगदी वहिनींच्या आवाजात, तितकंच हळू, म्हणाले, "माझं झालं."

मी डबा टेबलावर ठेवला. म्हटलं, हे आज माझ्यासमोर खा. ते म्हणाले, खातो गं, गरम करून खातो, तू जा, तुझी कामं असतील. मी गेले. गाडीपाशी पोचल्यावर लक्षात आलं की हातमोजे आतच राहिले. मागच्या बाजूने स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले आणि खिडकीतून ते दिसले.

ते सिंकपाशी उभे होते. डब्यातली भाजी त्यांनी चमच्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत काढली, वर आमटी ओतली, वर चारही पोळ्या ठेवल्या, आणि पिशवीला गाठ मारली. मग डबा घासला. कडा नीट घासल्या, झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुतली, टॉवेलने आतून बाहेरून पुसला. मग फळीवरून साखरेचा डबा घेतला, एक चमचा साखर मोजून माझ्या डब्यात घातली, झाकण लावलं, आणि पुढच्या शनिवारसाठी तो दाराजवळच्या टेबलावर नेऊन ठेवला.